डब्यातलं झोपत नाही

१

“तो डबा पोरीच्या उशाशी ठेवू नकोस. त्यातलं झोपत नाही.”

सासरे हे म्हणाले तेव्हा माझी मुलगी पाच महिन्यांची होती, आणि मी हसले. तोंडावर नाही, तेवढी वाईट सून मी नाही. स्वयंपाकघरात जाऊन हसले. विज्ञानाची पदवी घेतलेली बाई मी. डब्यातल्या भुताला काय भ्यायचं? शिवाय डबा सोयीचा होता. पत्र्याचा, चौकोनी, घट्ट झाकणाचा. पाळण्याच्या डोक्याकडच्या फळीवर अगदी हाताशी यायचा. बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, ती जुनी चकती तळाशी पडलेली. तिच्यावर मी सेफ्टी पिना, पावडरचा पफ, नखं कापायची कात्री, धुवायला द्यायचा फोटोंचा रोल, असं काय काय टाकत गेले. बाबांनी दोनदा डबा उचलून बाहेरच्या खोलीत नेला. दोनदा मी तो परत आणला. असे सात महिने.

माझ्या मुलीच्या, चिमणीच्या, पहिल्या वाढदिवसाला ती चकती चोरीला गेली.

तळहाताएवढी गोल चकती. जाड काचेखाली काळं तोंड, त्यावर पुसट रेघा आणि ठिपके, मागे तुटलेल्या दोन नळ्या. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या युद्धात बाबा लष्कराच्या दुरुस्ती तळावर क्रेन चालवायचे. एका दुपारी त्यांना ताडपत्रीच्या लॉरीत बसवून टेकड्यांत नेलं, आभाळातून पडलेलं काहीतरी उचलायला लावलं, आणि परत सोडताना बजावलं की तुम्ही काही पाहिलेलं नाही. बाबा एवढंच सांगत. उरलेलं लोकांनी जोडलं. उडती तबकडी पडली, लष्कराने ती गायब केली, आणि क्रेनवाल्याने तिचा तुकडा खिशात घातला.

संध्याकाळी पाहुणे घरात असतानाच बाबांनी डबा उचलला आणि म्हणाले, “हलका लागतोय.”

“कोणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही,” नणंदेने दाराला कडी लावली. आमच्या वन्सं शाळेत पर्यवेक्षिका आहेत. घरातही त्यांची तास संपल्याची घंटा होत नाही. “सगळ्यांच्या पिशव्या उघडायच्या. माझ्यापासून.”

त्यांच्या पर्समधून रुमाल, किल्ल्या, ॲसिडिटीच्या गोळ्या आणि आमच्या घरातले दोन चमचे निघाले.

“हे मागच्या वेळी चुकून गेले होते, परतच आणले होते,” त्या म्हणाल्या.

दुसरा पाहुणा न बोलावता आलेला. युद्धकाळात लष्कराने लपवलेल्या तबकड्यांवर पुस्तक लिहितो, म्हणून आम्ही त्याला तबकडीवाला म्हणायचो. त्याच्या झोळीत कात्रणं, टेपरेकॉर्डर आणि होकायंत्र. माझ्या नवऱ्याने त्याचे खिसेसुद्धा चाचपले.

तिसरे स्टुडिओवाले काका, चिमणीचे फोटो काढायला आलेले. आतल्या खोलीत, पाळण्याशेजारच्या खुर्चीत ते बसले होते आणि त्यांचे दोन्ही हात एका काळ्या पिशवीत कोपरापर्यंत गेले होते. पिशवीला दोन बाह्या असतात. आत हात घालून अंधारात फिल्म हाताळायची.

“रोल अडकला हो कॅमेऱ्यात,” ते घामाघूम होऊन म्हणाले. “सोडवतोय. माझी बॅग बघा ना, ती पडलीय.”

बॅग रिकामी केली. लेन्स, फडकं, बॅटऱ्या.

“आणि ही पिशवी?” वन्सं म्हणाल्या.

“उघडतो की. पण उघडली की पोरीचा वाढदिवस गेला म्हणून समजा. छत्तीस फोटो.”

“नको, नको! उघडू नका!” ओरडले ती मीच.

सगळ्यांची झडती झाली. चकती कुठेच नाही. वन्सं हळूच माझ्याकडे वळल्या.

“पाहुणे स्वच्छ निघाले. मग उरलं कोण, सांग बघू?”

२

पुढचे आठ दिवस मी आमच्याच घरात आरोपी होते.

“तुला बाबांची ती वस्तू पहिल्यापासून खुपत होती,” वन्सं फोनवर म्हणाल्या. “पिना टाकायचीस तिच्यावर. केवढ्याला दिलीस?”

“केवढ्याला द्यायची असते? तुम्हालाच दर माहीत दिसतोय.”

“तोंड सांभाळून बोल.”

“तुम्ही चमचे सांभाळा.”

फोन आपटला. नवरा पेपरात डोकं घालून बसला होता. त्याची ही खास कला; घरात आग लागली तरी हा आधी पान उलटेल.

बाबा मात्र या भांडणात नव्हते. त्यांना चकती गेल्याचं दुःख झालं असेल असं मला वाटलं होतं. पण तो चेहरा दुःखाचा नव्हता. भेदरलेला होता. दर तासाला येऊन विचारायचे, “सापडली का? कुणाकडे गेली? घरात लहान मूल आहे का त्यांच्या?”

हा प्रश्न मी ऐकला आणि सोडून दिला. बाबांचं बोलणं मी असं सोडून देण्याची ही दुसरी वेळ.

माझा संशय तबकडीवाल्यावर होता, आणि त्याला कारण होतं. वाढदिवसाच्या आधी पाच दिवस तो पहिल्यांदा दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात माझ्या मुलीचा फोटो होता. मी चिमणीला कडेवर घट्ट धरलं होतं.

“मॅडम, पाळण्याच्या वर काय आहे बघा,” तो म्हणाला होता.

पाळण्यावर एक धूसर पांढरा पट्टा तरंगत होता. तो रोल आम्हाला आठवड्यापूर्वीच धुऊन मिळाला होता आणि जवळजवळ प्रत्येक फोटोत तो पट्टा होता. कधी पाळण्यावर, कधी खिडकीत, कधी चिमणीच्या गालावर. स्टुडिओवाले काका म्हणाले होते, रोलला उष्णता लागली असेल. मी मान डोलावली होती.

“उष्णता?” तबकडीवाला हसला होता. “चकती तबकडीतल्यांची आहे. ते ती शोधतायत. युद्धात जिथे जिथे तबकडी पडली, तिथल्या लहान मुलांचं पुढे…” आणि वाक्य तिथेच सोडून त्याने चिमणीकडे बघितलं होतं.

आता मी त्याच्या खोलीवर जाऊन उभी राहिले. त्याने चहा विचारला नाही, बस म्हटलं नाही.

“हो, चकती मला हवी होती,” तो म्हणाला. “विकत घ्यायला तयार होतो, सगळ्यांना सांगत होतो. चोरायची असती तर तुमचा केक खायला आलो असतो?”

“माझ्या मुलीचा फोटो तुम्हाला कुणी दिला?”

“स्टुडिओत बघितला, मागितला. लपवायचं काय त्यात! आणि चकती कुठेय ते मी सांगतो. लष्कराने नेली. तुमच्याच कुणाच्या तरी हातून. हे लोक तसंच करतात.”

घरी येताना स्टुडिओ लागतो. फोटोचं विचारताच काकांनी कान पकडले. “दिली हो एक प्रत. त्याला वेड आहे ना तबकड्यांचं. चुकलंच माझं, वहिनी. पोरीची शपथ, परत नाही.”

इतक्या पटकन चूक कबूल करणाऱ्या माणसावर संशय कसा घ्यायचा? वाढदिवसाचे फोटोही त्यांनी सुंदर काढून दिले. एकाही फोटोत पट्टा नव्हता.

म्हणजे नवा रोल स्वच्छ आणि जुना तेवढा डागाळलेला. त्या रात्री झोप आली नाही. सकाळी चिमणीला भरवता भरवता मी जुन्या रोलच्या निगेटिव्हची पाकिटं काढली.

३

निगेटिव्ह कोणी बघत नाही. फोटो बघायचे, त्या तपकिरी पट्ट्या पाकिटात ठेवून द्यायच्या. मी त्या सहा पट्ट्या खिडकीच्या काचेवर क्रमाने चिकटवल्या. फोटोत जे पांढरं, ते इथे काळं दिसतं. काळा डाग एका फोटोत डावीकडे, पुढच्यात उजवीकडे. तबकडीवाला म्हणायचा तसा फिरता उजेडच वाटला.

मग मला दोन फोटोंच्या मधली जागा दिसली.

दर दोन फोटोंमध्ये फिल्मवर एक अरुंद कोरी पट्टी असते. तिथे कॅमेऱ्याचा डोळा पोचतच नाही. कडेला भोकांची रांग असते, तिथेही नाही. आणि डाग? तो एका फोटोतून निघून त्या कोऱ्या पट्टीवरून सरळ पलीकडच्या फोटोत गेला होता. कडेच्या भोकांवरही पसरला होता.

जे पाळण्यावर तरंगत होतं, ते कॅमेऱ्याने पाहिलेलंच नव्हतं.

मी शिवणाची टेप आणली. पहिल्या फोटोंकडे डाग दर अडीच इंचांवर होते आणि गडद होते. पुढे अंतर कमी होत गेलं, रंग फिका होत गेला, शेवटी तर दीडच इंच. हे मी कुठे बघितलंय? समोर टेप पडली होती. बोटाभोवती गुंडाळली आणि कळलं. गुंडाळीच्या बाहेरचा वेढा मोठा, आतला लहान. रोल गुंडाळून पडलेला असताना कशाने तरी एकाच बाजूने, बाहेरून, सगळ्या वेढ्यांतून आरपार डाग पाडला होता. धातूच्या डबीतून. अंधारात.

रोल दोन महिने कुठे पडला होता, हे मला विचारायची गरज नव्हती. चकतीच्या उरावर मीच टाकला होता.

चिमणीने चमचा खाली टाकला आणि टाळ्या वाजवल्या. तिचा पाळणा त्या डब्यापासून हातभर लांब होता.

४

कॉलेजातली माझी मैत्रीण दवाखान्यात एक्स-रे काढते. तिच्या कोटाला कायम एक चपटा बिल्ला लावलेला असतो. कॉलेजात नटायची तेवढी नटून झाली, आता हा एक दागिना, असं मी चिडवायचे.

तिने पट्ट्या दिव्यावर धरल्या आणि एकेक करून तपासल्या. मग बिल्ला काढून माझ्या हातात दिला.

“यात काय असतं माहितीये? फिल्मचा तुकडा. काळी पडली की समजायचं, अंगावर किरणं जास्त आली. तुझी फिल्म कोळसा झालीय. चकती कशी होती?”

मी सांगितलं. पुसट रेघा, ठिपके, काच. बाबा म्हणायचे, पूर्वी अंधारात हिरवी दिसायची, मग विझली.

“विझली म्हणून लोक फसतात. विमानातली यंत्रं अंधारात वाचता यावीत म्हणून आकड्यांना रेडियमचा रंग लावायचे. रंगाची चमक काही वर्षांत मरते. रेडियम मरत नाही. तू, मी, तुझी नातवंडं गेली तरी ते जागंच.”

त्यातलं झोपत नाही.

“काच शाबूत होती?” तिने विचारलं.

“हो.”

“नक्की? आठव. तडा, टवका, काही?”

“नक्की. बाबा रोज पुसायचे.”

तिने श्वास सोडला. “मग बरं. त्या रंगाची भुकटी होऊन पोटात गेली तर ती हाडात जाऊन बसते. ते खरं भय. आधी पोरीला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन चल. आणि ती चकती आहे कुठे?”

५

चिमणीचं रक्त तपासलं. “आत्ता काही दिसत नाही,” मोठे डॉक्टर म्हणाले. “दर सहा महिन्यांनी दाखवत राहा.” ‘आत्ता’ या शब्दावर मी त्या दिवसापासून जगते आहे.

तिचे चार फोटो दवाखान्याच्या कार्डाला हवे होते, म्हणून स्टुडिओत गेले. दारातूनच आरडाओरडा ऐकू आला.

“तीन वेळा! तीन वेळा केस विंचरून आलो मी!” एक टकलू गृहस्थ काकांच्या तोंडासमोर पासपोर्ट फोटो नाचवत होते. “आणि दर वेळी डोक्यावर ही ट्यूबलाइट!”

“कंपनीच चोर झालीय हो,” काका गयावया करत होते. “अख्खी पेटी बाद. वीस दिवस झाले, जो रोल काढावा तो खराब. फ्रिजात ठेवतो, उजेडाचा थेंब लागू देत नाही.”

मी काउंटरवरचा एक वाया गेलेला रोल उचलला आणि खिडकीकडे धरला. काळा डाग दोन फोटोंच्या मधल्या जागेवरून आरामात पलीकडे गेला होता.

चिमणीच्या वाढदिवसाला त्या दिवशी तेवीस दिवस झाले होते.

गृहस्थ शिव्या देत गेले. मी दार लोटून घेतलं.

“काका, तुमचा फ्रिज कोण उघडतं?”

“कोणी नाही. माझ्याशिवाय कोणाची हिंमत? पाटीच लावलीय.”

“म्हणून तिथे ठेवलीत.”

“काय?”

“चकती. त्या दिवशी घरातली प्रत्येक पिशवी उघडली, फक्त तुमची काळी पिशवी राहिली. आणि ती उघडू नका म्हणून मीच ओरडले. तुम्ही आतल्या खोलीत एकटे होतात, डबा शेजारी होता, हात कोणाला दिसत नव्हते. तबकडीवाला सगळीकडे सांगत फिरत होता की चकतीला मागाल तो भाव देईन. तुम्ही ती आणलीत आणि जिथे दुसरा कोणी हात घालणार नाही अशा जागी, फिल्मच्या पेटीवर ठेवलीत.”

“वहिनी, पुरावा नसताना…”

“पुरावा तुम्ही रोज गिऱ्हाइकांना वाटताय. डोक्यावरच्या ट्यूबलाइटसकट.”

तीस वर्षं हा माणूस फक्त उजेडाला भीत आला. अंधार केला की फिल्म सुरक्षित, हेच त्याचं शास्त्र. बंद डबीतून, अंधारातून, फ्रिजातल्या थंडीतून काही जात असेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही धंद्याच्या चोराने चकती माळ्यावर फेकली असती आणि मी आयुष्यभर तबकडीवाल्याला चोर समजले असते.

काका खुर्चीत बसले. आता त्यांनी कान धरले नाहीत.

“पोलिसांत जाणार?”

“आधी चकती द्या.”

“विकली.”

“कुणाला?”

“चार दिवस झाले. एक गृहस्थ आले होते, मुलीचा शाळेच्या ओळखपत्राचा फोटो काढायला. मुलगी तबकड्यांबद्दलच बोलत होती सारखी. वहीत चित्रं काढलेली. मी म्हटलं, खरा तुकडा बघायचाय? तिने असा चेहरा केला… बापाने तिथल्या तिथे घेतली. तिच्या पलंगावर भिंतीला लावणार म्हणाले.”

“नाव?”

“रोख दिले. नाव कोण विचारतं?”

मैत्रिणीने विचारलं होतं तेच मी विचारलं. “काच? काच शाबूत आहे ना?”

काका पहिल्यांदाच गोंधळले. “काच मळकट होती आतून. वस्तूला उठाव यावा म्हणून मी ती काढली. आत ब्रशने साफ केलं. काही भुकटी निघत होती, पण बाकीचा रंग पक्का… काच परत बसेना, म्हणून तशीच दिली. का हो?”

६

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी चिमणीला मांडीवर घेतलं.

“मला ठाऊक होतं ते विमानातलं यंत्र आहे,” ते म्हणाले. “क्रेन चालवत होतो, आंधळा नव्हतो. तबकडी कसली! आपलंच विमान होतं, काहीतरी नवीन, चाचणीचं. ताडपत्री सरकली तेव्हा आत माणूस दिसला. माझ्याच वयाचा. साहेबांनी आम्हाला रांगेत उभं केलं. म्हणाले, कोणी विचारलंच तर सांगा, तबकडी पडली. लोक हसतील. हसले की पुढचं विचारत नाहीत.”

“बाबा, मग मला स्पष्ट का नाही सांगितलंत?”

“शपथ होती. तळावर यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका मुलाने मला कानात सांगितलं होतं, हा रंग झोपत नाही, पोटात जाऊ देऊ नको. मी तेवढंच तुझ्या कानात टाकलं.” ते माझ्याकडे बघत नव्हते. “तू स्वयंपाकघरात हसलीस. भिंती पातळ आहेत आपल्या.”

चौकीत गेलो. हवालदाराने लिहून घेतलं, “उडत्या तबकडीचा तुकडा,” आणि शेजारच्याला कोपर मारलं. काकांना बोलावलं, दटावलं, सोडलं. ब्रश आणि फ्रिज दवाखान्याच्या लोकांनी गुंडाळून नेले. पेपरवाल्यांनी बातमी छापली, शेवटच्या पानावर, विनोदांच्या शेजारी. तबकडीवाल्याने पुस्तकात लिहिलं की लष्कराने सूनबाईला गप्प केलं. वन्संनी माझी माफी मागितली नाही. एक दिवस येऊन चार चमचे ठेवून गेल्या आणि मुलीच्या शोधात आपल्या शाळेचे सगळे वर्ग पालथे घातले. ती तिथे नव्हती.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्याने ही हसण्याची युक्ती काढली, तो फार हुशार माणूस होता. त्याची युक्ती अजून चालते आहे. म्हणून हे मी लिहिते आहे, आणि तुम्ही हसू नका.

ओळखपत्राचा तो फोटो न्यायला ते गृहस्थ परत आलेच नाहीत. तो माझ्यासमोर आहे. फिल्म त्याच पेटीतली, त्यामुळे पट्टा बरोबर चेहऱ्यावरून गेलाय. एक डोळा दिसतो, हसरा. एक वेणी, तिला दोन गाठींची रिबीन. पुढचा एक दात पडलेला. सात-आठ वर्षांची असेल. गणवेशाची कॉलर पांढरी आहे, पण ती कुठल्या शाळेची नसते?

तिच्या पलंगावर भिंतीला एक काळी गोल चकती आहे. वर काच नाही. ठिपक्यांचा रंग बोटाला लागतो, आणि पडलेल्या दाताच्या जागी बोट घालायची सवय या वयात सगळ्यांनाच असते.

तुमच्या भावाकडे, शेजारी, वरच्या मजल्यावर, मुलीच्या मैत्रिणीच्या घरी, तबकड्यांची चित्रं काढणारी अशी एक मुलगी असेल. चकतीला हात लावू नका, खोली बंद करा, मुलीला दवाखान्यात न्या. बाकीचं नंतर बघू. आधी उठा आणि तिच्या खोलीत डोकावून या.